कात्री चालवणारा संग्रहपाल

कापड जपणे हे ज्याचे काम, त्याने ते कापायचे नसते. वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्रविभागात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगतो. पदर विरलेला असो, काठाचे दोरे सुटलेले असोत, कसरीने अंगभर चाळण केलेली असो. आहे ते आहे तसे ठेवायचे. आणि तरीही आमच्या या कामातले एक मोठे नाव अशा माणसाचे आहे, ज्याने आपल्या ताब्यातल्या शेकडो कापडांना समजून उमजून कात्री लावली. डॉ. जॉन फोर्ब्स वॉटसन. हिंदुस्थानी कापडाचा अभ्यास करणारा कोणीही, या माणसाच्या दारावरून गेल्याशिवाय पुढे जात नाही.

१८६६ साली त्यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये अठरा जाडजूड खंड तयार झाले. ही वाचायची पुस्तके नव्हेत. त्यांच्या पानांवर कापड आहे. लुगडी, धोतरे, लुंग्या, पागोटी, रुमाल, मलमल, सुती, रेशमी आणि लोकरी कापड यांचे खरेखुरे तुकडे कापून पानावर लावलेले, आणि प्रत्येकाबरोबर एक छापील चिठ्ठी. असे सातशे नमुने. बरे, खंडांचा एकच संच केला असता तर गोष्ट वेगळी. वॉटसन यांनी वीस संच केले. म्हणजे एकूण चौदा हजार तुकडे. घरात एक लुगडे फाडून त्याची दुपटी करताना आपल्या आयांचा हात अडखळत असे. इथे चौदा हजार वेळा कात्री चालली.

हे करणारा माणूस कापडाच्या व्यापारातला नव्हता, विणकामातला नव्हता, की कलेच्या शाळेतलाही नव्हता. तो होता डॉक्टर, आणि त्याचा धागा आपल्या मुंबईतून आणि नगरमधून जातो.

वॉटसन यांचा जन्म १८२७ सालचा, स्कॉटलंडच्या ॲबर्डीन परगण्यातला. वडील शेतकरी. ॲबर्डीनच्या विद्यापीठात त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली, लंडनच्या गाय्ज रुग्णालयात आणि पॅरिसमध्ये पुढचे शिक्षण घेतले, आणि १८५० मध्ये कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याच्या लष्करी वैद्यकीय सेवेत सहायक सर्जन म्हणून ते दाखल झाले. नेमणूक तोफखान्याबरोबर, अहमदनगरला. नंतर सिंधमध्ये, घोडदळाच्या पलटणीत. मग मुंबईत भायखळ्याला, जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात. आणि शेजारच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापन. हे कॉलेज तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचे होते. याच कॉलेजात पुढे काही वर्षांनी आणखी एक इंग्रज डॉक्टर शिकवू लागला, बेळगावात जन्मलेला जॉर्ज बर्डवुड. तोही अखेर हिंदुस्थानी कलाकुसरीच्या वस्तूंमध्येच रमला. भायखळ्याच्या त्या आवारात नाडीपरीक्षेबरोबर आणखी काय शिकवत होते कोण जाणे!

प्रकृती बिघडल्यामुळे १८५३ मध्ये वॉटसन मायदेशी परतले. तीन वर्षांचा काय तो त्यांचा हिंदुस्थान. मात्र हिंदुस्थानच्या वस्तूंशी त्यांचा संबंध तिथून पुढे सुरू झाला आणि जवळजवळ आयुष्यभर पुरला. आधी कंपनीच्या संचालकांनी त्यांच्याकडे हिंदुस्थानातल्या धान्यांचे पोषणमूल्य तपासण्याचे काम सोपवले. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला, आणि त्याच साली हिंदुस्थानच्या उत्पादनांविषयीचे सरकारी तज्ज्ञ आणि लंडनच्या इंडिया म्युझियमचे संचालक अशा दोन खुर्च्या वॉटसन यांना एकदमच मिळाल्या. वय अवघे एकतीस.

हे इंडिया म्युझियम म्हणजे काय चीज होती, ते थोडे सांगायला हवे. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीतच १८०१ साली त्याची सुरुवात झाली. टिपू सुलतानाचा तो प्रसिद्ध, इंग्रज शिपायाच्या नरड्यावर बसलेला लाकडी वाघ इथे होता आणि लंडनची पोरेटोरे तो बघायला गर्दी करीत. त्या वाघाच्या जवळपासच धान्याच्या बरण्या, लाकडाचे नमुने, मूर्ती, हस्तलिखिते, हत्यारे आणि कापडांचे ढीग. थोडक्यात, जिंकलेल्या देशाच्या घरातले जे जे सामान उचलून आणता आले ते. कंपनी बुडाल्यावर १८६१ मध्ये हे सगळे बिऱ्हाड व्हाइटहॉलमधल्या फाइफ हाउसमध्ये हलले, १८६९ मध्ये इंडिया ऑफिसच्या इमारतीच्या थेट वरच्या मजल्यावर गेले, १८७५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या संसारासारखी त्या संग्रहाची फरफट झाली. या फरफटीत वॉटसन एकवीस वर्षे त्याचे यजमान होते.

१८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी हिंदुस्थानातून गोळा केलेले पुष्कळ कापड प्रदर्शन आटोपल्यावर म्युझियमच्या कोठारात पडून होते. आमच्या कामातला प्रत्येक माणूस कोठारातला हा ढीग ओळखतो. दाखवायला जागा नाही, टाकून देता येत नाही, आणि दर पावसाळ्यात नवी चिंता. बहुतेक जण कुलूप लावून पुढे जातात. वॉटसन यांनी त्याचे काय करावे याचा विचार केला.

त्यांचा विचार सरळ व्यापारी होता, आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानात कापड पाठवत होत्या, पण हिंदुस्थानातले लोक नेसतात काय हे गिरणीवाल्याला माहीत नव्हते. आपल्या समजुतीने काढलेले छापे, आपल्या समजुतीने ठरवलेला पन्हा. वॉटसन यांचे म्हणणे असे की, गिऱ्हाइकाचे अंग, त्याची चाल, त्याची रीत कळल्याशिवाय त्याला कापड विकता येणार नाही. लुगड्याचा काठ चुकला, पागोट्याची लांबी कमी पडली, तर माल स्वस्त असला तरी पडून राहणार. तेव्हा गिरणीवाल्याला हिंदुस्थानात पाठवण्यापेक्षा हिंदुस्थानचे कपाट त्याच्या दाराशी न्यावे. म्हणून एकाच्या ऐवजी वीस संच. त्यांच्या दृष्टीने ती वीस फिरती नव्हेत, पण वीस छोटी औद्योगिक संग्रहालयेच होती. मँचेस्टर, प्रेस्टन, सॅलफर्ड, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, ग्लासगो, बेलफास्ट अशा कापडाच्या गावांना ती देण्यात आली.

या खंडांच्या जोडीला त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हिंदुस्थानातील कापड-उत्पादन आणि लोकांचे पेहराव या विषयावरचा. आज तो वाचताना मजा वाटते ती त्यांच्या वर्गीकरणाची. युरोपातला माणूस कपड्याचा विचार करतो तो शिंप्यापासून. वॉटसन यांनी ते पहिल्याच पावलाला सोडले. त्यांनी कापडाचे दोन मुख्य वर्ग पाडले : मागावरून उतरल्या उतरल्या जे अंगावर घेता येते ते, आणि जे पुढे कापून शिवावे लागते ते. पहिल्या वर्गात पागोटे, धोतर, लुगडे. या वस्त्रांना सुई लागत नाही. काठ कुठे, पदर कुठे, शेवट कुठे, हे सगळे विणतानाच ठरलेले असते; विणकर तागा विणत नसतो, नेसणारीचे वस्त्र विणत असतो. नऊवारीत वाढलेल्या आपल्या घरांना यात नवल वाटणार नाही, पण लंडनमधल्या एका सरकारी डॉक्टरला हे इतके स्वच्छ दिसावे, याचे मला अजूनही कौतुक वाटते. मी स्वतः वस्त्रांच्या नोंदी करताना आजही आधी हाच प्रश्न विचारते : शिवलेले की न शिवलेले?

आणि ती चिठ्ठी! खंड क्रमांक, नमुना क्रमांक, वस्त्राचे नाव, मूळ वस्त्राची पूर्ण लांबी, रुंदी, वजन, किंमत आणि गाव. तुकडा वीतभर असला तरी तो केवढ्या वस्त्राचा, हे कळते. नागपूरचे असेल तर नागपूर, धारवाडचे असेल तर धारवाड, ढाक्याचे असेल तर ढाका. वजनाची नोंद पाहून तर मला त्यांच्यातला डॉक्टर दिसतो. रोग्याचे जसे वजन, उंची, वय टिपावे तसे कापडाचे टिपले आहे. विण दाट की विरळ, सूत जाड की बारीक, हे वजन आणि मापावरून जाणकाराला घरबसल्या काढता येते. आपल्याकडच्या कित्येक संग्रहांच्या जुन्या नोंदवह्यांत नुसते 'साडी, लाल, एक नग' एवढेच लिहिलेले सापडते, तेव्हा मला या माणसाची हटकून आठवण येते.

ढाक्याच्या मलमलीवरचे त्यांचे काम याच वृत्तीचे. १८५१ आणि १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनांत युरोपच्या यंत्रांवरची तलम मलमल आणि ढाक्याच्या हातची मलमल, दोन्ही मांडल्या होत्या. श्रेष्ठ कोणती, यावर लोक वाद घालत. वॉटसन यांनी वाद बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शक काढला. धाग्याची जाडी मोजली, एका धाग्यात कापसाचे तंतू किती ते मोजले, इंचाला पीळ किती ते मोजले. निकाल ढाक्याच्या बाजूने लागला. हातचे सूत अधिक बारीक, आणि पीळ यंत्राच्या सुतापेक्षा बराच जास्त, म्हणून ते धुण्याला अधिक टिकते. ज्यांच्या पगाराने आणि ज्यांच्या व्यापारासाठी ते काम करीत होते, त्यांच्याविरुद्ध जाणारा हा निकाल त्यांनी आकड्यांसह छापला. त्यातून त्यांनी गिरणीवाल्यांना दिलेला सल्ला मात्र पक्का व्यवहारी होता : या तलम कामाच्या नादी लागू नका. खरा बाजार आहे तो गरिबांच्या साध्या, रोजच्या कापडाचा. तिथे यंत्राला वाव आहे.

इथे आपल्या मनात कळ उठते. ती उठायलाच हवी. साळी, कोष्टी, मोमीन, देवांग अशा घरांतल्या मागांवर जे विणले गेले, त्याचाच तुकडा कापून मँचेस्टरला नेला, आणि म्हटले, हे पाहा, असे करा, म्हणजे या माणसाच्या हातचे गिऱ्हाईक तुमचे. जो विणकर स्वतःच्या नकळत या खंडांचा लेखक होता, त्याच्याच पोटावर हे खंड उठणार होते. दुसऱ्या बाजूने न्यायाने एवढेही म्हटले पाहिजे की, विलायती सूत आणि कापड या देशात वॉटसन यांच्या आधी कितीतरी वर्षे येत होते. पहिला घाव त्यांच्या कात्रीचा नाही. कात्रीने केले ते एवढेच, की घाव कुठे घालावा हे अधिक नेमके दाखवले. मला हे 'एवढेच' लहान वाटत नाही.

एक गोष्ट मात्र या कथेत अनपेक्षित आहे. वीसपैकी सात संच हिंदुस्थानात पाठवण्यात आले. कलकत्ता, मुंबई, मद्रास, कराची, वायव्य प्रांत, पंजाब, आणि सातवे नाव वऱ्हाड! कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला, त्याच कापसाचे देशभर काय काय होते याचा हा सचित्र, नव्हे सवस्त्र, कोश मिळाला. यामागेही हिशेब होता. दोन्हीकडे तोच खंड आणि तोच क्रमांक असला, की इथल्या अडत्याने नुसता आकडा कळवायचा आणि तिथल्या गिरणीवाल्याने नेमके तसले कापड धाडायचे. आज घरोघरी कपड्यांचे सूचीपत्र बघून क्रमांकाने मागणी नोंदवतात. त्या व्यवहाराचे इतके जुने आणि इतके थंड डोक्याचे रूप दुसरे सापडणे कठीण.

याच सुमारास त्यांच्या देखरेखीखाली आणखी एक प्रचंड काम चालू होते. जॉन विल्यम के यांच्याबरोबर त्यांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात काढले. माणसांचेही नमुने! कापडाखालच्या चिठ्ठीसारखा मजकूर माणसाच्या चित्राखाली आला आणि अनेक ठिकाणी तो सरळसरळ अपमानकारक होता. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनला गेले असताना त्यांनी आणि त्यांच्या मुलाने हे काम पाहिले आणि आपल्या देशाचे हे दर्शन त्यांच्या जिव्हारी लागले. कापडाला लांबी, रुंदी, वजन लावले तर कापडाचे काही बिघडत नाही. माणसाला तसले माप लावले की काय होते, ते या खंडांत दिसते. वॉटसन यांच्या एकूण कामात मला हा भाग सर्वांत नावडता आहे आणि त्यावर फार रेंगाळण्याची इच्छा नाही.

त्याउलट, १८६८ सालचे त्यांचे एक पुस्तक फारसे कोणी उघडत नाही, पण ते मला आवडते : उपयोगी वनस्पतींच्या देशी आणि शास्त्रीय नावांची सूची. बाजारात ज्या नावाने वस्तू मागतात ते नाव आणि शास्त्रज्ञाचे लॅटिन नाव, दोन्हींची सांगड. रॅमीच्या तंतूवर, कापूस पिंजण्या-वटण्याच्या यंत्रांवर त्यांनी अहवाल लिहिले. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनापर्यंत कित्येक ठिकाणी हिंदुस्थानचे दालन मांडले. कापडाच्या नमुन्यांची दुसरी मालिकाही काढली. हा माणूस थकत नसे.

इकडे त्याच वर्षांत वारे फिरू लागले होते. पुण्यात सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, यांनी स्वदेशीचा पुकारा केला होता, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते स्वतः कातलेल्या सुताची खादी नेसून गेले. लंडनच्या माडीवर एक डॉक्टर हिंदुस्थानने काय नेसावे याचे खंड बांधत होता, आणि त्याच वेळी पुण्याच्या एका वकिलाने त्याचे उत्तर अंगावर घातले होते. दोघांना एकमेकांची दखल असण्याचे कारण नव्हते.

वॉटसन यांचे स्वप्न मोठे होते. १८७४ मध्ये त्यांनी सरकारपुढे योजना मांडली : इंडिया म्युझियम, त्याचे ग्रंथालय आणि अभ्यासाची एक संस्था, असे सगळे एका छताखाली, स्वतःच्या इमारतीत असावे. तसे झाले नाही. खर्चाचा प्रश्न नेहमीसारखा आडवा आला. १८७९ च्या अखेरीस संग्रहालयच मोडण्यात आले. कापड आणि कारागिरी साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे, काही वस्तू ब्रिटिश म्युझियमकडे, वनस्पती क्यूच्या बागेकडे. वाटणी झालेल्या घरातली भांडी जशी चुलतघरांत जातात तशी. ज्याने दुसऱ्यांच्या वस्त्रांचे तुकडे करून गावोगाव वाटले, त्याच्या संग्रहालयाचेही शेवटी तसेच झाले, हा दैवाचा खेळ म्हणायचा. १८८० मध्ये ते निवृत्त झाले आणि २९ जुलै १८९२ रोजी लंडनच्या अपर नॉरवुड भागात वारले.

मग आम्ही हे नाव आदराने का घेतो? याचे उत्तर आपल्या घरातल्या कपाटात आहे. आजीचा शालू आपण ठेवतो, पैठणी ठेवतो, लग्नातला शेला ठेवतो. आजीचे रोजचे लुगडे कुठे गेले? आधी त्याचे धुडके झाले, मग बाळाची दुपटी, मग गोधडीचा अस्तर, मग पोतेरे. उरलेसुरले बोहारणीने नेले आणि त्याबदल्यात एक पातेले दिले. जरीच्या लुगड्यांची तर जर जाळून चांदी काढली. संग्रहालयांत येते ते फक्त श्रीमंतांचे आणि सणासुदीचे, कारण लोक तेवढेच राखतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गरीब बाई चूल फुंकताना काय नेसत असे, हाट-बाजाराला जाणारा शेतकरी डोक्याला काय गुंडाळत असे, ते कापड डोळ्यांनी पाहायचे झाले तर सापडतच नाही. वॉटसन यांना हवे होते नेमके तेच, साधे, रोजचे, स्वस्त. ते हवे होते ते विकण्यासाठी, जपण्यासाठी नव्हे. पण त्यामुळे ते जपले गेले. शिवाय पुस्तकात मिटलेले असल्याने उजेड लागला नाही. कापडाचा खरा वैरी उजेड. काचेमागे टांगलेली वस्त्रे फिकी पडली, आणि या बंद पानांतला तांबडा अजून तांबडा आहे. प्रेस्टनच्या हॅरिस संग्रहालयातल्या संचाची छायाचित्रे अलीकडच्या काळात संगणकावर उपलब्ध झाली, तेव्हा मी नमुन्यांमागून नमुने बघत बसले. चौकडी, बारीक रेघा, दोन बोटांचा तांबडा काठ. असली लुगडी आमच्या संग्रहात एकही नव्हती.

त्या चिठ्ठीवर सगळे आहे. गाव आहे, किंमत आहे, वजन आहे. ज्याने विणले त्याचे नाव सातशे नमुन्यांच्या मांडणीत कुठेच रकाना म्हणूनही नाही, कारण मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला त्याचा उपयोग नव्हता. वॉटसन यांची पद्धत मी जवळजवळ जशीच्या तशी उचलली : लांबी, पन्हा, वजन, गाव, शिवलेले की न शिवलेले. त्यात एक रकाना मात्र मी वाढवला, विणकराच्या नावाचा. इरकल, नागपुरी, पैठणी, जे कोणी वस्त्र घेऊन येते त्याला मी विचारते, कोणी विणले, काही ठाऊक आहे का? दुकानाचे नाव बहुतेकांना आठवते, सालही आठवते, किंमत तर हमखास. माझ्या नोंदवहीत तो रकाना पानामागून पान कोरा आहे. कधीतरी एखादी म्हातारी सांगते, आमच्या गल्लीतल्या अमक्याच्या मागावरचे आहे, आणि मग मी ते नाव लिहून घेते.